अतिनील टॉर्च कशी निवडावी: चमकणारे दगड शोधणाऱ्यांसाठी आणि त्यांचे फोटो काढणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या अतिनील टॉर्चमध्ये बारीक बारीक एक्कावन्न एलईडी होते आणि खोक्यावर ‘अतिशक्तिशाली’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. अंधाऱ्या खोलीत ती पेटवून मी फ्लोराइटच्या एका तुकड्यावर धरली. दगड जांभळा झाला, खालचे टेबल जांभळे झाले, माझा हातही जांभळा झाला, आणि दगड चमकतो आहे अशी मी स्वतःची समजूत करून घेतली. काही महिन्यांनी एका अनुभवी संग्राहकाने तोच तुकडा आपल्या टॉर्चखाली धरला. तिच्यात एकच एलईडी होता आणि पुढची काच जवळजवळ काळी होती. ती पेटली आहे की नाही, हेच मला आधी कळेना. टेबल अंधारातच राहिले, फ्लोराइट निळ्या रंगाने उजळला आणि त्याच्या कडेने गेलेली कॅल्साइटची केसाएवढी शीर गुलाबी दिसू लागली. ती शीर त्या दगडात आहे, हे मला तोवर ठाऊकच नव्हते.

अतिनील टॉर्च विकत घेणारा बहुतेक प्रत्येक नवखा माणूस ‘किती वॅटची?’ या प्रश्नापासून सुरुवात करतो. तो प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न तरंगलांबीचा आणि दुसरा फिल्टरचा, म्हणजेच टॉर्च डोळ्यांना दिसणारा प्रकाश किती कमी टाकते याचा. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

१. आधी तरंगलांबी ठरवा

काही पदार्थ कमी तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतात आणि त्याच क्षणी जास्त तरंगलांबीचा, म्हणजे आपल्याला दिसू शकेल असा, प्रकाश बाहेर टाकतात. यालाच फ्लुओरेसन्स किंवा प्रतिदीप्ती म्हणतात. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ साली या घटनेला हे नाव दिले आणि ते फ्लोराइट या खनिजावरूनच घेतले. आपल्या डोळ्यांना साधारणपणे ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश दिसतो. दगड उजळवण्यासाठी लागणारा प्रकाश त्याच्या अलीकडचा असतो. संग्राहकांच्या बोलण्यात त्याचे तीन पट्टे येतात: लाँगवेव्ह म्हणजे बहुधा ३६५ नॅनोमीटर, मिडवेव्ह म्हणजे ३१० च्या आसपास, आणि शॉर्टवेव्ह म्हणजे २५४ नॅनोमीटर.

बाजारात सर्वांत सहज मिळणाऱ्या टॉर्च मात्र ३९५ नॅनोमीटरच्या असतात. एलईडी कधीच एकाच तरंगलांबीचा प्रकाश देत नाही. छापलेला आकडा हा त्याच्या प्रकाशाचा माथा असतो आणि त्या माथ्याच्या दोन्ही बाजूंना उतार असतो. ३९५ चा माथा दृश्य प्रकाशाच्या अगदी उंबरठ्यावर असल्यामुळे त्याच्या एका बाजूचा उतार सरळ दृश्य जांभळ्या रंगात उतरतो. ज्यांची प्रतिदीप्ती फार जोरदार आहे असे काही दगड त्यातही ओळखू येतात, पण मंद चमक त्या जांभळ्या पुरात बुडून जाते. म्हणून पहिली टॉर्च ३६५ नॅनोमीटरचीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जाहिरातीत ‘३६५–३९५’ असा पल्ला लिहिलेला असेल, तर ती ३९५ ची आहे असे धरून चालावे.

आता ३६५ ने काय दिसते आणि काय दिसत नाही, हेही घेण्यापूर्वी समजून घ्या. युरोपियमचा अंश असलेला फ्लोराइट निळा-जांभळा उजळतो, क्रोमियममुळे माणिक निखाऱ्यासारखे लाल होते, स्कॅपोलाइटचे काही नमुने पिवळे दिसतात, हायलाइट ओपल (काचेसारखा पारदर्शक ओपल) हिरवा दिसतो आणि अंबर निळसर होतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यात, सुपीरियर सरोवराच्या काठी, २०१७ साली सापडलेले ‘यूपरलाइट’ दगड दिवसा साध्या करड्या गोट्यांसारखे दिसतात. रात्री ३६५ च्या टॉर्चखाली त्यांतील सोडालाइट नारिंगी होऊन, विझत आलेल्या शेगडीतल्या निखाऱ्यांसारखे दिसते. याउलट शीलाइटची निळसर पांढरी चमक शॉर्टवेव्हची आहे. न्यू जर्सीतील फ्रँकलिन आणि स्टर्लिंग हिल येथील खाणींची ओळख बनलेली हिरव्या विलेमाइटची व लाल कॅल्साइटची जोडीही मुख्यतः शॉर्टवेव्हखालीच खुलते. तुमचे मन शीलाइटवर बसले असेल, तर कितीही दमदार ३६५ ची टॉर्च घेतली तरी पदरी निराशाच येईल.

शॉर्टवेव्हसाठी पारंपरिक साधन म्हणजे कमी दाबाच्या पाऱ्याच्या वाफेची नळी आणि तिच्यासमोर खास फिल्टर. या तरंगलांबीचे एलईडी आता मिळतात, पण वीज खाऊन अतिनील प्रकाश देण्याची त्यांची क्षमता अजून ३६५ च्या एलईडींपेक्षा बरीच कमी आहे. शॉर्टवेव्ह त्वचेला आणि डोळ्यांना जास्त घातकही असते. ती दुसरी खरेदी समजावी आणि लाँगवेव्हची सवय झाल्यावरच करावी.

२. काळ्या काचेचा फिल्टर: यावर तडजोड नको

चांगल्या ३६५ च्या एलईडीतूनही थोडा पांढुरका-निळा प्रकाश गळतो. उघड्या डोळ्यांना तो मामुली वाटतो, पण मंद चमकणाऱ्या दगडापुढे तोच जास्त प्रखर ठरतो आणि फोटोत तर सगळ्या चित्रावर निळसर साय आल्यासारखी दिसते. हा प्रकाश अडवून फक्त अतिनील प्रकाश पुढे जाऊ देणारी काच अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्यम्स वुड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार केली. निकेल ऑक्साइड मिसळलेली ही काच ‘वुड्स ग्लास’ या नावाने ओळखली जाते. आजच्या टॉर्चमध्ये त्याच धर्तीची, ‘झेडडब्ल्यूबी२’ (ZWB2) या नावाने विकली जाणारी काच बहुधा असते. वर्णनात हे नाव शोधा. ते नसेल, तर विक्रेत्याला फिल्टर काचेचा आहे की रंगवलेल्या प्लॅस्टिकचा, हे लेखी विचारा.

टॉर्च हाती आल्यावर पुढील चाचणी करा, कारण ती फुकट आहे आणि बहुतेक फसवणूक तेथेच उघडी पडते. स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमच्या फॉइलचा एक तुकडा अंधाऱ्या खोलीत भिंतीजवळ ठेवा आणि टॉर्च त्यावर तिरकी धरा. फॉइल स्वतः चमकत नाही, ती फक्त पडलेला प्रकाश परतवते; त्यामुळे तिच्यावर जो प्रकाशाचा ठिपका दिसेल, तो टॉर्चमधून गळणारा दृश्य प्रकाश असतो. फिल्टर चांगला असेल, तर अगदी मंद, गडद जांभळी छटा तेवढी दिसते. फॉइल लख्ख जांभळी किंवा निळसर पांढरी झाली, तर टॉर्च परत करावी. हीच चाचणी पांढऱ्या कागदावर करू नये. कागदात शुभ्रपणा आणणारी रसायने असतात आणि ती स्वतःच निळी चमकतात, त्यामुळे कोणतीही टॉर्च कागदावर दमदारच भासते.

दुसरी चाचणी फिल्टरची. तो सुटा होत असेल, तर त्यातून घरातील पांढऱ्या एलईडी दिव्याकडे पाहा. खऱ्या काचेतून दिवा जवळजवळ नाहीसा होतो. रंगीत प्लॅस्टिकमधून तो नुसताच जांभळा दिसतो. या काचेतून गडद लाल प्रकाशही किंचित निसटतो, असे तुमच्या वाचनात येईल. ते खरे आहे, पण ३६५ च्या एलईडीमध्ये तो लाल भाग मुळातच नसल्यामुळे टॉर्चच्या बाबतीत त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

फिल्टर थोडा अतिनील प्रकाशही अडवतो, हे मान्य करायला हवे. तो काढून टाकल्यास ‘जास्त पॉवर’ मिळते असा सल्लाही कोणीतरी देईल. मिळते खरी, पण दिसते कमी.

३. वॅट, ल्युमेन आणि इतर आकडे

ल्युमेन हे एकक मानवी डोळ्याच्या संवेदनशीलतेवर बेतलेले आहे. ती ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट प्रकाशाला सर्वाधिक आणि ३६५ ला जवळजवळ शून्य असते. त्यामुळे अतिनील टॉर्चच्या खोक्यावर मोठा ल्युमेनचा आकडा छापलेला असेल, तर तो एकतर निरर्थक आहे किंवा ही टॉर्च भरपूर दृश्य प्रकाश टाकते अशी ती कबुलीच आहे.

वॅटचा आकडा बहुधा टॉर्च किती वीज खाते याचा असतो. त्यातील बराच भाग उष्णतेत जातो. उपयोगाचे आकडे दोन आहेत: एलईडीतून बाहेर पडणारी अतिनील शक्ती, जी मिलिवॅटमध्ये देतात, आणि ठरावीक अंतरावर दर चौरस सेंटिमीटरला पोहोचणारी मिलिवॅट. दुसरा आकडा अंतराशिवाय दिलेला असेल, तर त्याला अर्थ नाही, कारण पसरणारा झोत दुप्पट अंतरावर साधारण चौथाई उरतो. दोन टॉर्चची तुलना करताना अंतर एकच आहे ना, हे आधी पाहावे.

उष्णतेकडे मात्र जाहिरातीत कोणी लक्ष वेधत नाही. एलईडी तापला की त्याची शक्ती घटते. बोटभर आकाराच्या कवचात तीन-चार एलईडी कोंबलेली टॉर्च पहिले अर्धे मिनिट दिपवते आणि मग मंदावते. धातूचे जाड कवच, बाहेरून पन्हळीदार खाचा आणि हातात घेतल्यावर जाणवणारे वजन ही चांगली लक्षणे आहेत. टेबलावरच्या निरीक्षणासाठी आणि काठाकाठाने फिरून दगड शोधण्यासाठी फिल्टरसह एका चांगल्या एलईडीची, तीन ते पाच वॅट वीज घेणारी टॉर्च पुरेशी होते. मोठा कडा किंवा खाणीबाहेरचा ढिगारा दुरून न्याहाळायचा असेल, तरच अनेक एलईडींच्या मोठ्या टॉर्चकडे वळावे.

४. झोताचा आकार

खोल आणि गुळगुळीत परावर्तक असलेली टॉर्च झोत दूर फेकते, पण मध्यभागी प्रखर ठिपका आणि भोवती अंधूक कडे असा प्रकाश पाडते. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत परावर्तक झोत पसरवतो आणि सम ठेवतो. चालताना पायापुढची दोन-तीन पावले जमीन एकदम दिसावी लागते, म्हणून शोधासाठी पसरट झोत बरा. फोटोसाठी तर तो आणखी बरा, कारण मधल्या ठिपक्यामुळे फोटोत दगडाचा एक भाग अतिप्रखर होतो आणि बाकीचा अंधारात राहतो. झूमची सरकती नळी असलेल्या टॉर्च मला आवडत नाहीत. त्या सांध्यातून धूळ आणि पाणी दोन्ही आत जातात.

५. सेल

बहुतेक चांगल्या टॉर्च १८६५० या लिथियम-आयन सेलवर चालतात. हे नाव म्हणजे सेलचे मापच आहे: १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. मोठ्या टॉर्चमध्ये २१७०० सेल असतात. १८६५० सेलवर ९,९०० मिलिॲम्पिअर-तास असा आकडा छापलेला दिसला, तर तो विकत घेऊ नये. नामवंत कंपन्यांचे सेलही साधारण ३,५०० च्या आसपास थांबतात. संरक्षक सर्किट असलेला सेल घ्यावा, पण तो काही मिलिमीटर लांब असतो, म्हणून टॉर्चमध्ये मावतो का ते आधी विचारावे. सुटे सेल खिशात किल्ल्यांसोबत टाकू नयेत, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवावेत. विमानप्रवासात ते हातातल्या सामानातच न्यावे लागतात.

६. पेटवण्यापूर्वी चष्मा

फिल्टर लावलेली टॉर्च धोकादायक असते, ती नेमकी ती मंद दिसते म्हणून. साध्या प्रखर टॉर्चकडे पाहिल्यावर डोळे आपोआप मिटतात. येथे दिपवणारे काहीच नसल्याने ते मिटत नाहीत आणि अतिनील प्रकाश आत जात राहतो. टॉर्च कोणाच्याही चेहऱ्याकडे रोखू नये आणि लहान मुलांच्या हाती एकटी देऊ नये. ओल्या किंवा काचेसारख्या गुळगुळीत दगडांवरून परतणारा झोतही डोळ्यांत जातो, हे विसरू नये.

‘यूव्ही४००’ (UV400, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचा अतिनील प्रकाश अडवणारा) असे लिहिलेला, बाजू झाकणारा पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा चष्मा घ्या आणि तोही तपासा. टॉर्चचा झोत चष्म्याच्या काचेतून पांढऱ्या कागदावर पाडा. कागदाची निळी चमक त्या सावलीत पूर्ण विझली पाहिजे. या चष्म्याचा आणखी एक फायदा मला फार उशिरा उमगला. आपल्या डोळ्यातील भिंग स्वतःच अतिनील प्रकाशात चमकते आणि नजरेसमोर निळसर धुके आणते. चष्मा लावताच ते धुके हटते आणि दगडांचे रंग अधिक गडद दिसतात.

शॉर्टवेव्ह दिवा वापरणार असाल, तर चष्म्याबरोबर हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडेही हवेत. उघड्या त्वचेवर उन्हाने भाजल्यासारखा दाह होतो आणि डोळ्यांना झालेली इजा काही तासांनी, बहुधा मध्यरात्री, वाळू गेल्यासारखी खुपू लागते.

७. शोधमोहिमेसाठी सोबत काय घ्यावे

- ३६५ नॅनोमीटरची फिल्टर लावलेली टॉर्च आणि भरलेले दोन जादा सेल
- साधा पांढरा प्रकाश देणारा, डोक्यावर बांधायचा दिवा
- तपासून घेतलेला अतिनीलरोधक चष्मा
- जाड तळाचे बूट आणि हातमोजे
- छोट्या पिशव्या, चिठ्ठ्या आणि पेन्सिल
- जागा खाजगी किंवा संरक्षित असल्यास मालकाची अथवा संबंधित खात्याची लेखी परवानगी

जागा दिवसा एकदा पायाखाली घालावी. अतिनील टॉर्चच्या प्रकाशात खड्डा दिसत नाही. ज्या वस्तू चमकतात त्या दिसतात, बाकी जमीन नसल्यासारखीच असते. म्हणून चालताना डोक्यावरचा पांढरा दिवा, आणि थांबून पाहताना तो विझवून अतिनील टॉर्च, अशी सवय लावावी. अमावास्येच्या आसपासच्या रात्री सर्वांत सोयीच्या असतात. जुन्या खाणींच्या बोगद्यांत मात्र दिवसाही जाऊ नये.

पहिल्या रात्री तुम्हाला दगडांपेक्षा कचराच जास्त चमकताना दिसेल. प्लॅस्टिकचे तुकडे, मासेमारीची तंगूसाची दोरी, कपड्यांचे धागे आणि साबणाचा अंश निळे पांढरे चमकतात. काही जातींचे दगडफूल नारिंगी किंवा पिवळे दिसते. शंका आल्यास पांढऱ्या दिव्यात पाहून नखाने खरवडा. हिरवट निळी, वळणदार आणि विलक्षण सुंदर चमक दिसली, तर हात पुढे करू नका: तो विंचू असतो. त्याचे कवच अतिनील प्रकाशात फार ठळक दिसते.

झगझगीत पिवळसर हिरवा रंग अनेकदा युरेनियमचा असतो. हायलाइट ओपलसारख्या दगडांत त्याचा केवळ अंश असतो, परंतु ऑट्युनाइट हे युरेनियमचेच खनिज आहे आणि त्याचे पातळ पापुद्रे सहज झडतात. असा नमुना हातमोज्यांनी उचलावा, बंद डबीत ठेवावा, त्याची धूळ उडवू नये आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

जे दगड चमकत नाहीत, तेही कमी प्रतीचे नसतात. खनिज एकच असले तरी एका ठिकाणचा नमुना उजळतो आणि दुसऱ्या ठिकाणचा काळा राहतो, कारण चमक बहुधा खनिजात शिरलेल्या मँगनीजसारख्या अल्पांश द्रव्यांवर अवलंबून असते आणि लोहाचा अंश ती विझवून टाकतो.

८. फोटो काढताना

दगड स्वच्छ धुऊन, वाळवून, फुंकणीने धूळ उडवून घ्या. डोळ्यांना न दिसणारा प्रत्येक धागा फोटोत निळ्या अळीसारखा दिसतो. खाली काळे मखमली कापड घालावे, पण तेही आधी टॉर्चखाली पाहावे. डिटर्जंटमध्ये धुतलेले काळे कापड हमखास चमकते. छायाचित्रकाराचा पांढरा सदराही चमकतो आणि त्याचा निळा उजेड दगडावर पडतो, म्हणून गडद कपडे घालून उभे राहावे.

कॅमेरा ट्रायपॉडवर लावा. पांढऱ्या दिव्यात फोकस करून घ्या आणि मग फोकस मॅन्युअल करा, कारण अंधारात ऑटोफोकस नुसता मागेपुढे चाचपडत राहतो. सुरुवात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ते ४००, छिद्र एफ/८ आणि पाच ते तीस सेकंदांचे एक्स्पोजर अशी करावी. शटर उघडे असताना टॉर्च स्थिर न धरता दगडाभोवती सावकाश फिरवत राहिल्यास प्रकाश सम पडतो आणि कडक सावल्या विरघळतात. भिंगाकडे झोत जाऊ देऊ नये.

भिंगावर अतिनीलरोधक फिल्टर लावावा. कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढे अतिनील प्रकाश अडवणारी काच असतेच, तरीही परावर्तित जांभळ्या कडेचा थोडा भाग आत शिरतो आणि काळी पार्श्वभूमी निळसर करतो. साधारण ४१० नॅनोमीटरच्या खालचे सर्व अडवणारा, किंचित पिवळट फिल्टर चांगले काम देतो. लावण्यापूर्वी त्याच्यावरच टॉर्च धरून पाहा; काही फिल्टर स्वतःच चमकतात आणि मग ते लावून उपयोगाऐवजी अपायच होतो.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याचा रंगांचा समतोल, ऑटोवर ठेवू नका. लाल उजळणारा कॅल्साइट समोर आला की कॅमेरा त्या लालीला दोष समजून ती पुसू पाहतो. ५,५०० केल्विनच्या आसपास तो एकदा पक्का करावा आणि फोटो रॉ (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ माहिती) स्वरूपात साठवावा. माणिकासारख्या शुद्ध लाल चमकेत आणखी एक फसगत होते: एकूण हिस्टोग्राम (फोटोतील उजेडाच्या वाटपाचा आलेख) अगदी ठीक दिसतो, पण लाल वाहिनी, म्हणजे लाल रंगाचा वेगळा आलेख, मात्र शेवटच्या टोकाला जाऊन आपटलेली असते आणि फोटोत दगडाच्या जागी सपाट लाल डाग उरतो. म्हणून तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम वेगवेगळा पाहावा आणि लाल रंग कापला जात असेल, तर एक्स्पोजर निम्मे करावे.

त्याच जागी, कॅमेरा न हलवता, पांढऱ्या प्रकाशातील एक फोटोही काढून ठेवा. फोटोच्या नावात तरंगलांबी, टॉर्चवर फिल्टर होता की नाही आणि एक्स्पोजरचे सेकंद लिहावेत, आणि दगडासोबतच्या चिठ्ठीवर तो सापडल्याचे ठिकाण व तारीख पेन्सिलनेच लिहावी, कारण काही पेनांची शाई टॉर्चखाली दगडापेक्षा जास्त चमकते.